त्याच मार्गावरचं दुसरं विमान

आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन, म्हणजे चौकड्यांचा कोट, धोतर आणि चष्मा घातलेला तो अबोल माणूस, एकेकाळी एका विमान कंपनीचं बोधचिन्ह होता. लष्करातून बाहेर पडलेल्या कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांनी ऑगस्ट २००३ मध्ये बंगळूरहून एअर डेक्कन सुरू केली, तेव्हा त्यांनी याच माणसाला समोर ठेवलं. पंख्यांची छोटी एटीआर विमानं, हुबळीसारखी गावं, खाणंपिणं विकत आणि मोजक्या जागांना चक्क एक रुपया भाडं. तोवर आपल्याकडे विमानात बसणारा माणूस म्हणजे सरकारी अधिकारी, कंपनीचा साहेब, नाहीतर परदेशातून आलेला नातेवाईक. तिकिटाचे पैसे बहुतेक वेळा दुसरंच कोणीतरी भरायचं. स्वतःच्या खिशातून तिकीट काढणाऱ्याचा आधी विचार करणारी आपल्या देशातली ही पहिली कंपनी. मला या गोष्टीचं आजही मोल वाटतं. आज दिवाळीला पुण्याहून नागपूरला निघालेली कुटुंबं विमानतळावर वजनकाट्याशी उभी राहून चिवड्याचे आणि लाडवांचे डबे एका बॅगेतून दुसरीत हलवताना दिसतात. त्या रांगेचा उगम तिथे आहे.

स्वस्त विमानसेवेचं गणित काही आपल्याकडे जन्मलेलं नाही. अमेरिकेत साउथवेस्टने ते १९७१ पासून मांडलं, युरोपात रायनएअरने ते आणखी कडक केलं. त्याचा गाभा समजून घ्यायचा असेल तर विमानतळावर काचेजवळची खुर्ची पकडावी आणि नुकतंच येऊन थांबलेलं एक विमान शेवटपर्यंत पाहावं. चाकांना ठोकळे लागतात. पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही दारांना उतार जोडले जातात, त्यात पायऱ्या नसतात, त्यामुळे व्हीलचेअर आणि म्हाताऱ्या माणसांपायी रांग अडत नाही. प्रवासी दोन्हीकडून उतरत असतानाच पोटातलं सामान पट्ट्यावरून खाली येऊ लागतं. इंधनाची गाडी येऊन लागते. आत केबिन क्रूमधल्या मुली स्वतःच पिशव्या घेऊन कचरा गोळा करतात, सीटचे पट्टे आडवे लावून ठेवतात. अर्ध्या तासाच्या आसपास तेच विमान पुन्हा धावपट्टीकडे निघालेलं असतं. प्रत्येक थांब्यावर अशी वीस-वीस मिनिटं वाचवली की दिवसाकाठी एक जादा फेरी निघते, आणि नफा त्या जादा फेरीतच असतो. जोडीला सगळी विमानं शक्यतो एकाच जातीची ठेवायची. म्हणजे कोणताही वैमानिक कोणत्याही विमानावर चालतो, सुटे भाग एकच, मेकॅनिकचं प्रशिक्षण एकच. इंडिगोने २००५ मध्ये, स्वतःचं एकही उड्डाण होण्याआधी, एअरबसकडे १०० विमानांची मागणी नोंदवली होती. ऑगस्ट २००६ मध्ये तिचं पहिलं विमान उडालं.

पण युरोपात आणि आपल्यात एक मोठा फरक आहे. रायनएअर शहरापासून लांबच्या, कमी शुल्काच्या विमानतळांवर उतरते. आपल्याकडे मुंबई गाठायची तर इतकी वर्षं सगळ्यांना एकच विमानतळ होता. इंधनाचा भाव तोच, त्यावरचा राज्याचा व्हॅट तोच, उतरण्याचं शुल्कही जवळपास तेच. भारतात विमान कंपनीच्या खर्चाचा तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, नुसत्या इंधनावर जातो, आणि तिथे काटकसरी कंपनीला कोणतीच सूट नाही. त्यामुळे स्वस्त कंपनी फार स्वस्त होऊ शकत नव्हती आणि पारंपरिक कंपनीला महाग राहण्याची सोय नव्हती. तिकिटांच्या पानावर सगळी भाडी एकाखाली एक दिसू लागली आणि दोन-चारशे रुपयांच्या फरकावर माणसं कंपनी बदलू लागली. गरम जेवण, मोठी सीट, लाउंज हे सगळं पारंपरिक कंपन्या स्वस्ताच्या भावात विकत राहिल्या. हे किती दिवस चालणार होतं?

जेट एअरवेजने मे १९९३ मध्ये उड्डाणं सुरू केली आणि दहा-बारा वर्षं देशातली उत्तम सेवा म्हणून मान मिळवला. स्वस्त कंपन्या आल्यावर तिने २००७ मध्ये १,४५० कोटींना सहारा विकत घेतली, तिचं जेटलाइट केलं, पुढे जेट कनेक्ट काढलं. एकाच घरातल्या तीन नावांमध्ये प्रवाशाला कळेना की आपण कुणाच्या विमानात बसतोय आणि जेवण मिळणार की नाही. किंगफिशरची गोष्ट याहून चटका लावणारी आहे. परदेशी उड्डाणांसाठी तेव्हा नियम होता की कंपनीने देशात पाच वर्षं उड्डाणं केलेली असावीत आणि ताफ्यात २० विमानं असावीत. २००५ मध्ये सुरू झालेल्या किंगफिशरला इतकं थांबायचं नव्हतं. एअर डेक्कनची पाच वर्षं २००८ मध्ये भरणार होती. किंगफिशरने २००७ मध्ये डेक्कनमध्ये हिस्सा घेतला, पुढे तिचं किंगफिशर रेड झालं आणि सप्टेंबर २००८ मध्ये बंगळूर–लंडन विमान निघालं. कॉमन मॅनची कंपनी अशी एका परवान्याच्या घाईत गेली. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशर थांबली. एप्रिल २०१९ मध्ये अमृतसरहून मुंबईला आलेलं विमान जेटचं शेवटचं ठरलं. कर्मचाऱ्यांचे महिनोन्‌महिन्यांचे पगार थकले, घरांचे हप्ते तुंबले. विमान कंपनी बुडाली की बातम्या मालकाच्या येतात. लोडर आणि तिकीट काउंटरवरच्या मुलांची नोकरी गेल्याची बातमी आठवड्यात मागे पडते, याचा मला राग येतो.

पारंपरिक कंपनी गेली म्हणजे आपलं काय गेलं? बहुतेक लोक जेवणाच्या ट्रेचं नाव घेतात. ट्रेचं मला फारसं वाटत नाही, घरून डबा नेता येतो. गेली ती पोहोचवण्याची जबाबदारी. एसटी वाटेत बंद पडली तर कंडक्टर त्याच तिकिटावर मागून येणाऱ्या दुसऱ्या एसटीत बसवून देतो. पारंपरिक कंपन्यांमध्ये असाच आपसांतला करार असतो. एकीचं विमान चुकलं तर दुसरीत जागा मिळते, सामानाला शेवटच्या गावाची चिठ्ठी पहिल्याच विमानतळावर लागते आणि सगळा प्रवास एकाच तिकिटावर होतो. मूळ स्वस्त सेवेत हे बसत नाही. तिथे प्रत्येक उड्डाण हा स्वतंत्र व्यवहार.

याचा अर्थ मला एका ओळखीच्या जोडप्याकडून नीट कळला. छत्रपती संभाजीनगरचे काका-काकू, मुलगी न्यू जर्सीत, तिचं बाळंतपण जवळ आलेलं. कुणीतरी पैसे वाचवून दिले आणि मुंबईपर्यंतचं तिकीट एका कंपनीचं, पुढचं दुसरीचं, अशी दोन वेगळी तिकिटं काढली. पहिलं विमान दोन तास उशिरा आलं. मग टर्मिनल एकवर बॅगा पट्ट्यावर यायची वाट पाहायची, मग टॅक्सीने टर्मिनल दोन गाठायचं, तिथे परत चेक-इनची रांग. काउंटर बंद झालेलं. पुढच्या कंपनीच्या लेखी ते आलेच नव्हते आणि मागच्या कंपनीच्या लेखी ते मुंबईला सुखरूप पोहोचले होते. दोन्ही कंपन्या आपापल्या कागदावर बरोबर. काकूंच्या पिशवीत डिंकाचे लाडू होते आणि रात्रभर त्या ती पिशवी मांडीवर घेऊन विमानतळावर बसल्या होत्या. नवीन तिकिटांना जे पैसे पडले, त्यात आधी वाचलेले कितीतरी पटींनी गेले. पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्या आईवडिलांसाठी तिकीट काढताना कृपा करून सगळा प्रवास एकाच तिकिटावर काढा, एवढं मी प्रत्येकाला सांगते.

आता तर नावंच उलटीपालटी झाली आहेत. इंडिगोने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली–मुंबई मार्गावर बिझनेस क्लास आणला आणि जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमला थेट उड्डाणं सुरू केली. तिकडे साउथवेस्टने, जिची ओळखच बॅगा फुकट नेण्यावर होती, मे २०२५ पासून बॅगांचे पैसे घ्यायला सुरुवात केली. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात मिसळली. आज देशांतर्गत दहा प्रवाशांपैकी सहाहून जास्त एकट्या इंडिगोचे असतात आणि उरलेल्यांतले बहुतेक टाटांच्या कंपन्यांचे. स्वस्त विरुद्ध पारंपरिक ही लढाई आपल्याकडे संपली. उरला आहे तो दोन घरांचा बाजार.

याची किंमत डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांना कळली. वैमानिकांना पुरेशी झोप मिळावी म्हणून कामाच्या तासांचे नवे नियम आले होते. आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास, रात्री विमान उतरवण्याची मर्यादा सहावरून दोन. नियम योग्यच होते. थकलेल्या वैमानिकाच्या विमानात मला माझं माणूस बसवायचं नाही. तारखा कितीतरी आधी ठरलेल्या होत्या, तरी इंडिगोची तयारी कमी पडली आणि हजारो उड्डाणं रद्द झाली. लग्नाचे मुहूर्त, परीक्षा, ऑपरेशनच्या तारखा हुकल्या. इतर कंपन्यांकडे एवढ्या माणसांना पुरतील अशा जागाच नव्हत्या, भाडी भडकली आणि सरकारला मर्यादा घालावी लागली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,५०० किलोमीटरच्या पुढे १८,०००. वैमानिकांच्या नियमांतही सवलत द्यावी लागली. एका कंपनीच्या वेळापत्रकासमोर प्रवाशांच्या सुरक्षेचा नियम मागे घ्यावा लागतो, हे मला त्या आठवड्यातलं सर्वांत गंभीर वाटतं.

तिकीट स्वस्त ठेवतं ते त्याच मार्गावरचं, त्याच सुमाराचं दुसऱ्या कंपनीचं विमान. कंपनी स्वतःला स्वस्त म्हणवते की पारंपरिक, याने फारसा फरक पडत नाही. हे मोठ्या शहरांत पटकन दिसत नाही, लहान शहरांत दिसतं. सोलापूरचंच घ्या. विमानतळाला अडथळा म्हणून जून २०२३ मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली. कारखान्याच्या सभासदांसाठी तो दिवस काय होता, हे सोलापूरकरांना विचारावं. त्यानंतर २०२५ मध्ये गोव्याचं आणि मग मुंबईचं विमान सुरू झालं. आनंद आहेच. पण अशा मार्गांवर एकच कंपनी, छोटं विमान आणि सरकारी मदत. लहान शहरं जोडण्यासाठीच्या केंद्राच्या उडान योजनेत ही मदत तीन वर्षांची असते आणि तेवढा काळ त्या मार्गावर दुसऱ्याला यायची मुभा नसते. सुरुवातीला कुणी यावं म्हणून ते समजण्यासारखं आहे. पुढे काय होतं ते महालेखापरीक्षकांच्या २०२३च्या अहवालात आहे. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत, आणि तीन वर्षांनंतरही टिकलेले मार्ग अवघे ५४. आपल्या नांदेडला एप्रिल २०१७ मध्ये देशातल्या पहिल्या उडान उड्डाणांपैकी एक मिळालं होतं. ते विमान चालवणारी कंपनी २०२२ मध्ये बंद पडली आणि नांदेडकर पुन्हा रात्रीच्या गाडीत बसले. कोल्हापूरच्या उद्योगसमूहाची स्टार एअर, गोव्याची फ्लाय९१ या लहान कंपन्या आज जळगाव, सोलापूर, सिंधुदुर्ग अशी गावं जोडताहेत. त्या मोठ्यांच्या ओझ्याखाली दबल्या तर या गावांना वाली नाही.

म्हणून मला नवी मुंबईकडे डोळे लावून बसावंसं वाटतं. सांताक्रूझच्या धावपट्टीवर सकाळी-संध्याकाळी नव्या कंपनीला शिरकावच नव्हता, सगळ्या सोयीच्या वेळा आधीच वाटलेल्या. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून विमानं उडू लागली आणि पहिल्याच दिवशी इंडिगो आणि एअर इंडिया एक्सप्रेसबरोबर अकासा आणि स्टार एअरही होत्या. इथल्या वेळांचं वाटप अजून पक्कं झालेलं नाही, क्षमता टप्प्याटप्प्याने वाढणार आहे. सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांतला ठरावीक हिस्सा लहान आणि नव्या कंपन्यांसाठी, आणि राज्यातल्या लहान शहरांसाठी, राखून ठेवावा. सोलापूरचा व्यापारी सकाळी येऊन संध्याकाळी घरी परतू शकला तरच ते विमान भरेल, दुपारी दोनला उतरवून त्याचा उपयोग नाही. राज्याने २०२३च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी विमान इंधनावरचा व्हॅट २५ वरून १८ टक्क्यांवर आणला, ते चांगलं केलं. हे इंधन अजून जीएसटीच्या बाहेर आहे. ते आत आणण्यासाठी महाराष्ट्राने जीएसटी परिषदेत स्वतःहून ठराव मांडावा. महसूल बुडेल, हे अर्थखात्याचं म्हणणं खरं आहे, पण दोनच कंपन्यांच्या हाती आलेला बाजार प्रवाशांकडून त्याहून जास्त वसूल करतो आणि तो पैसा राज्याच्या तिजोरीत येत नाही. वेळांचं वाटप एकदा झालं की ते वर्षानुवर्षं हलत नाही, त्यामुळे आपल्या आमदार-खासदारांनी नवी मुंबईचा हा प्रश्न येत्या अधिवेशनातच विचारायला हवा.