मंदीत चित्राची मजुरी

मंदी आली की सरकार खर्चाला कात्री लावते आणि ती सर्वांत आधी कलेवर चालते. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या अमेरिकेने मात्र महामंदीतच उलटी वाट धरली. १९३३मध्ये चित्रकार जॉर्ज बिडल यांनी त्यांना पत्र लिहून मेक्सिकोचा दाखला दिला. तिथे सरकारी पैशातून सार्वजनिक भिंती रंगल्या होत्या. त्याच वर्षअखेरीस पहिली योजना सुरू झाली. १९३५मध्ये ‘फेडरल आर्ट प्रोजेक्ट’ आला. त्यामागचा हिशेब सरळ होता: चित्रकारालाही पोट असते, मग त्याला खडी फोडायला का धाडायचे? चित्राचीच मजुरी द्यावी. १९४३पर्यंत शाळा-इस्पितळांसारख्या इमारतींत अडीच हजारांवर भित्तिचित्रे झाली, अनेक गावांत कलाकेंद्रे निघाली. पुढे गाजलेले चित्रकार जॅक्सन पोलॉक आणि ली क्रॅस्नर यांचीही नावे या पगारपत्रकावर होती. तेव्हा त्यांना ओळखत कोण होते?

सारेच गोड नव्हते. १९३४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉइट टॉवरमधील चित्रांत साम्यवाद दिसल्याने वाद पेटला. १९३९मध्ये अमेरिकी काँग्रेसने याच धर्तीच्या नाट्ययोजनेचे पैसेच तोडले. पुष्कळ चित्रे सुमार होती आणि काही कॅनव्हास शेवटी रद्दीच्या भावाने गेले.

तरीही आमचे मत स्पष्ट आहे. उद्याचा पोलॉक कोण, हे कोणत्याच समितीला आज कळत नाही. म्हणून मोजक्या नामवंतांना पुरस्कार वाटण्यापेक्षा अनेकांना साधी मजुरी देणे शहाणपणाचे. सार्वजनिक कलेवरचा हा अंक त्याच विचारातून काढला आहे. वाचा, आणि पटले नाही तर भांडायला जरूर लिहा.