भेकराचा वाटा कोणाचा? पनवेलच्या रानातील शिकारीचा इतिहास

१/ कर्नाळा म्हटले की पक्षी आठवतात. पण पनवेलच्या या रानात भेकरही आहे, आणि त्याच्या शिकारीभोवती दीडशे वर्षांच्या कायद्यांचा इतिहास आहे. हा इतिहास आपण नेहमी बंदुकीच्या बाजूने वाचतो. तो मांसाच्या बाजूने वाचला पाहिजे, असे माझे मत आहे.

२/ कोकणातील गावशिकार एकट्याची नसे. हाकारे रान उठवीत आणि बंदूकवाला जनावराच्या वाटेवर दबा धरून बसे. कोकणच्या दमट हवेत मांस लवकर नासते. म्हणून आतडी तिथल्या तिथे काढायची, कातडे सोलायचे, छर्रे वेचायचे आणि लगेच वाटे घालायचे. हाकाऱ्यालाही वाटा मिळे, कारण आज देणाऱ्याला उद्या घ्यायचे असे.

३/ १८७८ साली दोन कायदे आले. वन कायद्याने (क्रमांक ७) राखीव जंगलातील शिकारीवर सरकारी नियमांचा अंमल बसवला. शस्त्र कायद्याने (क्रमांक ११) बंदुकीला परवाना आवश्यक केला. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती.

४/ परिणाम उघड होता. साहेबाने मारले तर ती ‘शिकार’, कातकऱ्याने मारले तर ती ‘चोरी’. खैरापासून कात काढणाऱ्या या समाजाचा मूळ धंदाही जंगलबंदीने मोडत गेला. म्हणजे रोजगार आणि ताटातले मांस, दोन्ही एकाच कुंपणाआड गेले.

५/ या भूमीने ते निमूटपणे सोसले नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात लोकांनी गोळ्या झेलल्या. तिथे प्रश्न शिकारीचा नव्हता. पण रानावर हक्क कोणाचा, हा वाद तोच होता.

६/ स्वातंत्र्यानंतर साहेब गेला, कुंपण राहिले. १९६८ मध्ये कर्नाळा अभयारण्य झाले. आज त्याचे क्षेत्र सुमारे १२ चौरस किलोमीटर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. त्याच्या कलम ३९ नुसार बेकायदा मारलेले जनावर आणि त्याचे मांस सरकारची मालमत्ता ठरते.

७/ अपवाद करता येतो, हे मात्र सरकारला ठाऊक होते. याच कायद्याचे कलम ६५ निकोबार बेटांवरील अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क अबाधित ठेवते. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने पारंपरिक हक्क मान्य केले, पण शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला.

८/ मग बंदी उठवावी का? नाही. जंगलाचा एवढासा तुकडा, मधून जाणारा महामार्ग, चहूकडून वाढणारे शहर. यात भेकरावर पुन्हा बंदूक रोखणे म्हणजे त्याला संपवणे होय. बंदी योग्यच आहे.

९/ पण बंदीची किंमत कोणी मोजली, हे विसरणे योग्य नाही. ज्यांच्या ताटातून मांस काढून घेतले, त्यांच्या वनहक्काचे दावे वेळेत निकाली निघावेत आणि त्यांच्या मुलांना अंगणवाडीत रोज अंडे मिळावे. ही मेहेरबानी नव्हे, थकलेला वाटा आहे.

१०/ पुढच्या वेळी वाडीवरचा कोणी ‘शिकारचोर’ म्हणून पकडल्याची बातमी आली, तर गुन्हा जरूर नोंदवावा. त्यासोबत त्याच्या घरी त्या दिवशी काय शिजले होते, हेही विचारावे.