फेणे एक की अनेक?

गेल्या उन्हाळ्यात बरकतपुऱ्यातील एका स्नेह्यांच्या घरी आम्हा काही मराठी कुटुंबांची नेहमीची वाचनबैठक होती. ज्येष्ठांचे निबंध वाचून झाल्यावर यजमानांनी मोठ्या कौतुकाने माझ्या नातीला पुढे बोलावले. ती बारा वर्षांची. तिने वहीची तीन पाने वाचली. विषय होता 'फास्टर फेणेचे वय'. पहिल्या पुस्तकापासून अखेरच्या पुस्तकापर्यंत बनेश फेणे शाळकरीच राहतो, मग इतकी साहसे त्याच्या शालेय सुट्ट्यांत बसवायची कशी, असा तिचा प्रश्न होता. उत्तरही तिनेच दिले होते. फेणे हा एक मुलगा नसावा. एक मोठा झाला की तो आपली सायकल, आपले नाव आणि जिभेचा तो प्रसिद्ध 'ट्टॉक' दुसऱ्या मुलाच्या स्वाधीन करीत असावा. भा. रा. भागवतांना हे ठाऊक होते, पण त्यांनी ते गुपित राखले.

वाचन संपले. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. मग आमच्यातील एक ज्येष्ठ गृहस्थ, ज्यांच्या व्यासंगाविषयी मला आदर आहे, किंचित हसून म्हणाले, "बाळ, लेखकाने जे लिहिले नाही ते नाही. असल्या रिकाम्या तर्कांपेक्षा शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे." उपस्थितांनी माना डोलावल्या. नातीने वही मिटली. मी तिचा आजोबा, आणि मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख लिहीत आहे. त्यात त्या गृहस्थांचा अधिक्षेप करण्याचा हेतू नाही. त्यांच्या मताचा मात्र आहे, कारण ते एकट्याचे मत नाही. ते आपल्या पिढीचे मत आहे, आणि या शहरात मराठी वाचणारे मूल दुर्मीळ होण्यास ते काही अंशी जबाबदार आहे, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

पहिला आक्षेप घेऊ. लेखकाने न लिहिलेल्या गोष्टीचा तर्क करणे हा म्हणे रिकामा उद्योग. मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'सुधारक' पत्रात काय चालले होते? 'भारद्वाज' या टोपणनावाने शिवराम एकनाथ भारदे यांनी ज्ञानदेव एक की दोन हा वाद उभा केला. ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव निराळे आणि अभंगकर्ते ज्ञानदेव निराळे, असा त्यांचा सिद्धान्त होता. महाराष्ट्र त्यावर तुटून पडला. भारद्वाजांचे म्हणणे बहुतेकांनी स्वीकारले नाही, परंतु त्याचे खंडन करण्यासाठी विद्वानांना ज्ञानेश्वरी आणि गाथा शेजारी ठेवून शब्दन् शब्द तपासावा लागला. हा वाद आपण आजही वाङ्मयेतिहासात मानाने शिकवतो. ज्ञानदेव एक की दोन हे विचारले तर ते संशोधन, आणि फेणे एक की अनेक हे विचारले तर तो पोरखेळ? ग्रंथांची थोरवी एक नाही, हे मला कळते. परंतु बुद्धीची रीत एकच आहे. आणि बारा वर्षांच्या मुलीने ती रीत ज्ञानेश्वरीवर नव्हे, फेणेवरच प्रथम चालवून पाहायची असते.

मी महसूल खात्यात आयुष्य घालवले, आधी आंध्र प्रदेश शासनात आणि २०१४ नंतर तेलंगणाच्या. जमिनीच्या जुन्या कागदांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना ठाऊक असेल की निजामकालीन सेतवार आणि १९५४-५५चा खासरा पहाणी यांत कित्येक ठिकाणी नोंद गाळलेली, पुसट झालेली किंवा वाळवीने खाल्लेली असते. तेव्हा अधिकारी "लिहिलेले नाही ते नाही" असे म्हणून फाईल बंद करीत नाही. तो शेजारच्या सर्व्हे नंबरची चतुःसीमा पाहतो, मागच्या-पुढच्या वर्षांच्या नोंदी जुळवतो आणि मग अनुमान लिहितो. मात्र पुराव्यावाचून शेरा मारला तर वरिष्ठ तो खोडतात. माझ्या नातीची वही मी याच दृष्टीने पाहिली. तिने रकाने आखले होते: पुस्तक, ठिकाण, ऋतू, शाळा चालू की सुट्टी. मी तिला विचारले, "फेणे बदलतो म्हणतेस, पण त्याच्या भोवतीची मित्रमंडळी तीच राहतात. मग तीही बदलली का?" ती बराच वेळ विचारात पडली आणि म्हणाली, "आजोबा, मग मला सगळी पुस्तके पुन्हा वाचावी लागतील."

सुज्ञ वाचकहो, या एका वाक्यासाठी मी हा सारा प्रपंच मांडला आहे. तिच्या शाळेत मराठी नाही. २०१८च्या कायद्याने तेलुगु आवश्यक झाली, ते योग्यच आहे, ज्या भूमीत राहायचे तिची भाषा यायलाच हवी. देवनागरी तिला हिंदीमुळे येते, आणि 'ळ' वाचताना ती अडखळली नाही, कारण तो तिला तेलुगूने आधीच शिकवला होता. परंतु सलग मराठी पुस्तक तिने कधी हाती धरले नव्हते. मी दोन वर्षे सांगून थकलो होतो. संस्कार, परंपरा, मातृभाषेचे ऋण, हे सारे शब्द वापरून झाले होते. त्यातल्या एकानेही पान उलटले नाही. तिने मराठी वाचले ते स्वतःचा तर्क सिद्ध करण्याच्या ईर्ष्येने. तो तर्क चुकीचा असेल. बहुधा चुकीचाच आहे. पण त्याच्या पाठीमागे लागून ती फेणेची पुस्तके वाचत सुटली.

दुसरा आक्षेप असा की हे इंग्रजी पुस्तकांमुळे आलेले खूळ आहे. खूळ आहे हे क्षणभर मान्य करू, पण ते इंग्रजीने आणले हे मान्य नाही. आपल्यापैकी जे 'चांदोबा' वाचून वाढले त्यांनी आठवून पाहावे. तेलुगु 'चंदमामा' १९४७ साली मद्रासेत सुरू झाला आणि १९५२पासून तो मराठीत 'चांदोबा' म्हणून येऊ लागला. आमच्या घरी चांदोबा येई, शेजारच्या घरी चंदमामा, आणि चित्रे तीच असल्यामुळे अंकांची अदलाबदल चाले. त्यात राजा विक्रम खांद्यावर प्रेत घेऊन निघाला की वेताळ गोष्ट सांगे आणि शेवटी प्रश्न टाकी. उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर डोक्याची शकले होतील, ही धमकी. आम्ही पान उलटण्यापूर्वी आपापले उत्तर ओरडून सांगत असू. राजाचे उत्तर आमच्याहून निराळे निघाले तर राजा चुकला असे म्हणण्याची आम्हाला मुभा होती. कोणा ज्येष्ठाने तेव्हा आमचे शुद्धलेखन काढले नाही.

आणि मूळ वेतालपंचविंशतीत काय आहे? शेवटच्या गोष्टीत बाप मुलीशी आणि मुलगा तिच्या आईशी विवाह करतो, दोघींना मुले होतात, आणि वेताळ विचारतो की त्या मुलांचे परस्परांशी नाते काय. राजाला उत्तर सुचत नाही. तो मुकाट्याने चालत राहतो. या मौनावरच वेताळ प्रसन्न होतो आणि कपटी योग्याचा डाव राजाला सांगून त्याचे प्राण वाचवतो. म्हणजे आपल्या देशातील या प्राचीन कथामालेचा कळसच एका अनुत्तरित प्रश्नाचा आहे. सोमदेवाच्या कथासरित्सागरात, अकराव्या शतकात, ही कथा आली. न सुटलेले कोडे वाचकाच्या हाती ठेवण्यासाठी आपल्याला विलायतेकडे पाहण्याची गरज नव्हती.

विलायतेत मात्र त्या कोड्याचा मान राखला गेला, हे सांगणे भाग आहे. डिकन्स १८७० साली एडविन ड्रूडची रहस्यकादंबरी अर्धवट टाकून वारला. १९१४ साली लंडनमध्ये त्यातील संशयित पात्रावर चक्क अभिरूप खटला चालवला गेला. न्यायाधीश चेस्टरटन होते आणि ज्यूरीचे प्रमुख बर्नार्ड शॉ. एवढ्या थोरांना तो उद्योग रिकामा वाटला नाही. अलीकडची गोष्ट म्हणजे हॅरी पॉटरच्या सहाव्या पुस्तकात, २००५ साली, 'आर. ए. बी.' अशा आद्याक्षरांनी सही केलेली एक चिठ्ठी सापडते. ही व्यक्ती कोण, यावर जगभरची मुले दोन वर्षे डोके खाजवीत होती. काहींनी ब्लॅक घराण्यातील रेग्युलसचे नाव घेतले. आणि मग कोणाच्या तरी लक्षात आले की डच भाषांतरात ब्लॅकचे आडनाव 'झ्वार्ट्स' केले आहे आणि चिठ्ठीवरचे शेवटचे अक्षरही 'झेड' झाले आहे. नॉर्वेच्या भाषांतरात तेथील आडनावाप्रमाणे 'एस' झाले आहे. रहस्य मूळ भाषेने राखले होते, ते भाषांतराने उघड केले. २००७च्या सातव्या पुस्तकाने त्यावर शिक्कामोर्तब केले. दोन-तीन भाषांत वावरणारे मूल एका भाषेच्या मुलाहून अधिक पाहू शकते, याचे याहून चांगले उदाहरण हैदराबादच्या मराठी माणसाला कोठे मिळणार? आपली मुले घरात मराठी, रस्त्यावर दखनी, शाळेत तेलुगु आणि इंग्रजी बोलतात. या सामर्थ्याला आपण आजवर केवळ 'भाषेची खिचडी' म्हणून नावे ठेवीत आलो.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मी टाळणार नाही. अशा तर्कांनी लेखकाचा अधिकार कमी होतो, आणि शेवटी उत्तर कळल्यावर हाती काही उरत नाही, असे म्हटले जाते. यात अर्धे सत्य आहे. लेमनी स्निकेट या नावाने डॅनिएल हँडलर यांनी १९९९ ते २००६ या काळात तीन अनाथ भावंडांची तेरा पुस्तकांची मालिका लिहिली. तीत एका साखरेच्या भांड्यासाठी माणसे परस्परांच्या जिवावर उठतात. भांड्यात काय आहे, हे लेखकाने पुस्तकांत अखेरपर्यंत सांगितले नाही. मुलांनी त्यावर असंख्य अनुमाने बांधली. २०१९ साली दूरचित्रमालिकेच्या अखेरच्या पर्वाने उत्तर देऊन टाकले: भांड्यात विषारी बुरशीवर उतारा ठरणारी साखर आहे. उत्तर वाईट नाही. पण माझ्या नातीने ते ऐकून तोंड वाकडे केले. "एवढेच?" म्हणाली. लेखकाचा अधिकार मुलांच्या तर्कांनी कमी झाला नव्हता. त्याने राखलेली रिकामी जागा दुसऱ्या कोणी घाईने भरली, तेव्हा मात्र काहीतरी हरवले.

मग आपल्या फेणेचे काय? २०१७ साली त्याच्यावर चित्रपट निघाला. त्यात बनेश तरुण झाला आहे, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो, आणि दिलीप प्रभावळकरांनी साक्षात भा. रा. भागवतांची भूमिका केली आहे. फेणेला मोठे करणे हासुद्धा त्याच्या वयाच्या कोड्यावरील एक तर्कच होय. आपण तो तिकीट काढून पाहिला आणि वाखाणला. निर्मात्याने तर्क केला तर ती कल्पकता, मुलीने केला तर तो उपद्व्याप, हा न्याय मला समजत नाही.

भागवत १९१० साली जन्मले आणि २००१ साली गेले. त्यांनी १९५१ साली 'बालमित्र' काढला, ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला, आणि फेणेची वीस पुस्तके लिहिली. मुलांना कमी लेखणारा हा लेखक नव्हता. त्यांच्या पश्चात आपण काय केले? फेणेला स्मरणरंजनाच्या काचेच्या कपाटात ठेवले. त्याचे नाव निघाले की आपण आपले बालपण आठवून गहिवरतो. गहिवरलेल्या माणसाला कोणी मूल प्रश्न विचारीत नाही. विचारले तर आज माझ्या नातीला मिळाले ते उत्तर मिळते.

सगळेच तर्क सारख्या मोलाचे, असे मी म्हणत नाही. पुस्तक न वाचता ठोकलेला तर्क ही अफवा आहे, आणि तिचा समाचार घ्यावा. परंतु तो समाचार पुस्तक उघडून घ्यावा. "पान दाखव" असे म्हणावे. "गप्प बस" असे म्हणू नये. त्या दिवशी बैठकीत आपल्यापैकी एकाने जरी तिला पान दाखवायला सांगितले असते, तरी पुढचा तासभर घरातील सारी मंडळी एका मराठी पुस्तकावर वाद घालीत बसली असती. असा तास आपल्या बैठकींत शेवटचा कधी आला होता, हे ज्याने त्याने आठवावे.

तूर्त परिस्थिती अशी आहे. नातीचे दुसरे वाचन सुरू आहे. संचातील काही पुस्तके मिळत नाहीत, म्हणून मी रविवारी सकाळी आबिड्सच्या पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या ढिगांत ती शोधतो आहे. तेथे तेलुगु, उर्दू, इंग्रजी मुबलक, मराठी क्वचित. ज्यांच्या घरी माळ्यावर फेणेची जुनी पुस्तके पडून असतील त्यांनी ती कृपया मुलांच्या हाती द्यावीत. त्यांत आपली नावे, शाईचे डाग, समासातील रेघोट्या असतील तर पुसू नयेत. तिला पुरावा लागतो.

आणि त्या ज्येष्ठ गृहस्थांना माझी नम्र विनंती आहे की पुढच्या बैठकीस त्यांनी अवश्य यावे. मित्रमंडळींच्या कोड्याचे उत्तर तिला अजून सापडलेले नाही. त्यांनी फेणे वाचला असेल तर त्यांची साक्ष तिला हवी आहे.