उदबत्तीने न जाणारा वास

दिवाळी अंकातल्या या पानावर एरवी चिवडा मऊ का पडतो आणि पितळी समया कशाने उजळाव्यात, याची चर्चा चालते. यंदा वाचक-भगिनींनी (आणि दोन-तीन बंधूंनीही) मला निराळ्याच कामाला जुंपले आहे. पत्रे आता टपालाने थोडी आणि फोनवर फार येतात, पण मजकूर एकच. घर रंगवून झाले, पडदे धुऊन झाले, माळा आवरून झाला, तरी दिवाणखान्यात पाऊल टाकले की वास येतोच. कशाचा, हे लिहायला बहुतेकींना संकोच वाटतो. कुणी ‘तो वास’ म्हणते, कुणी नुसती टिंबे देते. आमच्या घरात गेली तीस वर्षे मांजरे नांदत आहेत, त्यामुळे मला संकोच उरलेला नाही. वास लघवीचा. कुत्र्याच्या नाहीतर मांजराच्या.

त्यातले एक पत्र मात्र टिंबांवर थांबलेले नव्हते. “ताई, सासूबाई म्हणतात, वसुबारसेच्या आत बोक्याला पिशवीत घालून मासळीबाजारात सोडून या. हेही त्यांच्याच बाजूचे झाले आहेत. मुलगी काल रात्री जेवली नाही. वास जाईल असं काही सांगा, म्हणजे बोका राहील.” या पत्राकडे मी येणारच आहे. पण आधी वासाचे पाहू.

ताज्या लघवीला फारसा वास नसतो. तिच्यातल्या युरियावर जंतूंचे काम सुरू झाले की अमोनिया सुटतो. तान्ह्या मुलाची दुपटी ज्यांनी धुतली आहेत त्यांना तो चांगला ओळखीचा आहे. हा अमोनिया उडून जातो, आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. पण फरशीच्या सांध्यात, गादीच्या कापसात, दाराच्या चौकटीत सुकलेले बाकीचे द्रव्य तसेच राहते, आणि हवा दमट झाली की पुन्हा बोलू लागते. एप्रिल-मेमध्ये गेलेला वास जूनच्या पहिल्या सरीबरोबर परत का येतो, याचे उत्तर हे. मुंबईकरांना ते वेगळे सांगायला नको.

मांजराची तऱ्हा आणखी निराळी. त्याच्या लघवीत फेलिनिन नावाचे गंधकयुक्त द्रव्य असते. त्याचे विघटन होते आणि तो नाकात जाऊन बसणारा दर्प तयार होतो. नसबंदी न झालेल्या बोक्यात हे सर्वांत जास्त. बोक्याच्याच लघवीतले एक प्रथिन हे द्रव्य घडवायला मदत करते, असे जपानी शास्त्रज्ञांनी 2006 साली दाखवून दिले. आपल्या लेखी ती दुर्गंधी. बोक्याच्या लेखी दारावरची पाटी, नाव आणि पत्त्यासकट. म्हणून भिंतीवर किंवा पडद्यावर उभ्याने फवारणाऱ्या बोक्याची नसबंदी करून घेतली, की बहुतेक वेळा निम्मे काम साबणाला हात न लावता होते.

आता आपण काय करतो? उदबत्ती लावतो. मोगऱ्याच्या वासाचा फवारा मारतो. त्याने पाहुण्यांचे नाक घटकाभर फसते. कुत्र्यामांजराचे फसत नाही, ते आपली जुनी जागा बरोबर शोधून काढते. मग फिनेल. इथे मी जरा आवाज चढवून सांगते. काळ्या फिनेलमध्ये डांबरापासून निघालेली फिनॉलच्या जातीची द्रव्ये असतात. ओल्या फरशीवरून चालताना ती मांजराच्या पंजांना लागतात, मांजर पंजे चाटते. माणसाच्या यकृताला ही द्रव्ये निकामी करता येतात, मांजराच्या यकृताला ते नीट जमत नाही. पांढऱ्या फिनेलात बहुधा पाइनचे तेल असते, तेही मांजराला बरे नव्हे. मांजर असलेल्या घरात साधे साबणाचे पाणी उत्तम.

आणि ब्लीचिंग पावडर तर लघवीवर मुळीच टाकू नये. अमोनियाशी तिची गाठ पडली की घशात आणि डोळ्यांत झोंबणारा विषारी वायू होतो. तिच्यावरच व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे ॲसिड ओतले तर क्लोरिन. खिडकी बंद असलेल्या न्हाणीघरात उकिडवे बसून घासणाऱ्या बाईचे काय होत असेल, ते लिहायला नको.

मग करावे काय? लघवी ताजी असेल तर आधी टिपून घ्या. घासू नका, घासल्याने ती आत मुरते. जुने पंचे किंवा वर्तमानपत्राच्या घड्या ठेवून वर पाय देऊन उभे राहा, कागद कोरडा निघेपर्यंत. नंतर गार पाणी. कढत पाणी नको, कापडात डाग आणि वास दोन्ही बसतात.

खरे काम करते ते एन्झाइमचे द्रावण. प्राण्यांच्या खाद्याच्या दुकानात ते बाटलीत मिळते. स्वस्त नाही, पण नवा सोफा त्याहून महाग. लघवीतल्या वासाच्या द्रव्यांचे ते तुकडे पाडते, म्हणजे झाकत नाही, संपवते. मात्र त्याला वेळ आणि ओल लागते. आपण काय करतो, तर दोन फवारे मारून लगेच फडक्याने पुसतो आणि बाटलीला नावे ठेवतो. लघवी जितकी खोल गेली तितके द्रावण खोल गेले पाहिजे. गादीवर किंवा सोफ्यावर भरपूर ओतावे, वर प्लास्टिकचा कागद झाकावा, रात्रभर ओले राहू द्यावे, मग वाऱ्यावर वाळवावे. एकदा नाही गेले तर पुन्हा. आणि त्या जागी आधी फिनेल मारलेले असेल तर ते पाण्याने नीट धुऊन काढावे, नाहीतर एन्झाइम बिचारे कामाला लागण्यापूर्वीच निकालात निघते.

जुना डाग सापडत नसेल तर अतिनील प्रकाशाची छोटी विजेरी मिळते. रात्री दिवे मालवून फिरवली की सुकलेली लघवी पिवळट-हिरवी चमकते. धुण्याच्या पावडरीने धुतलेले पांढरे कपडेही निळसर चमकतात, तेव्हा यजमानांचा बनियन पाहून दचकू नये.

घरगुती उपायांत खाण्याचा सोडा चांगला. जागा वाळल्यावर भुरभुरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी झाडून घ्यावा. व्हिनेगरही उपयोगी आहे, पण फरशी पाहून. शहाबादी, कोटा, कडाप्पा, संगमरवर हे सगळे चुनखडीचे भाऊबंद आणि जुन्या मोझॅकमध्येही संगमरवराचेच तुकडे. आंबट पदार्थाने त्यांची झिलई जाते, फरशी खरबरीत होते आणि पुढच्या खेपेला जास्तच वास धरते. सध्या घरोघरी लिंबू-संत्र्याच्या साली आणि गूळ तीन महिने आंबवून ‘बायो-एन्झाइम’ करतात, त्यालाही हाच नियम लावा. त्याचा गुण मुख्यतः आंबटपणाचा. चिनी मातीच्या टाइल्सवर खुशाल वापरा, बाटलीतल्या द्रावणाची अपेक्षा मात्र त्याच्याकडून करू नका. कापसाची गादी वारंवार भिजली असेल तर काटकसर बाजूला ठेवून कापूसच बदला. उन्हाने तो वास जात नाही.

आता ते पत्र. मी काही डॉक्टर नव्हे, पण मांजर पाळणाऱ्या माणसाला काही प्रश्न विचारायची सवय होते. मी त्या भगिनीला फोन केला. पूर्वी वाळूच्या ट्रेमध्येच जायचा का? “हो ताई, चार वर्षं कधी चुकला नाही.” मग आता कुठे करतो? “महिनाभर सोफ्यावर करत होता. कालपासून मोरीत, गार फरशीवर. सारखा बसतो.” किती होते? “थेंबभर. कधी तेही नाही. आणि ओरडतो हो, म्हणून सासूबाई जास्तच वैतागल्यात.”

मी म्हटले, सोफा राहू दे. रिक्षा बोलाव आणि आत्ताच्या आत्ता बोक्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे ने.

बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. खडे किंवा चिकट गाळ अडकून ती बंद झाली, तर एक-दोन दिवसांत जनावर दगावते. त्याचा लघवी तुंबलेला फुगा डॉक्टरांच्या हाताला दगडासारखा लागला. नळी घालून मार्ग मोकळा केला, तीन दिवस सलाइन लावले. चौथ्या दिवशी बोका घरी आला. महिनाभर सोफ्यावर चालला होता तो माज नव्हता, आजार होता. आता त्याला ओले अन्न देतात, घरात तीन ठिकाणी पाण्याच्या वाट्या ठेवल्या आहेत, आणि मधल्या वाटीत पाणी आहे की नाही ते सासूबाई पाहतात, असे कळते. सोफा दोन बाटल्यांत साफ झाला.

म्हणून इतर भगिनींनाही विचारते, वळण लागलेले जनावर अचानक चुकू लागले तर त्याला रागे भरण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवले का? म्हातारा कुत्रा खूप पाणी पिऊन घरात करू लागला तर त्याला मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असू शकतो. नसबंदी झालेल्या वयस्क कुत्रीला झोपेतच होते, तिला कळतही नाही. यावर औषधे आहेत. पिल्लाची गोष्ट वेगळी. तीन महिन्यांच्या पिल्लाला तीन तासांहून अधिक दम धरवत नाही, त्याला दर दोन-अडीच तासांनी बाहेर नेणे हाच उपाय. नाक त्यात घासणे ही जुनी रीत दुष्टपणाची तर आहेच, शिवाय निरुपयोगी. पिल्लू एवढेच शिकते की हे काम तुमच्यासमोर न करता कपाटामागे करावे.

शेजाऱ्यांबद्दलही दोन शब्द. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे ॲनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. ते कलम दाखवून भांडण जिंकता येईल, जिन्यातला वास त्याने जात नाही. कुत्र्याला फिरायला नेताना पाण्याची बाटली बरोबर ठेवावी आणि खांबावर, दुसऱ्याच्या स्कूटरच्या चाकावर लगेच पाणी ओतावे. फाटकापाशी निळीच्या पाण्याच्या बाटल्या टांगण्याची पद्धत मात्र कुठून आली देव जाणे. आमच्या गल्लीतला एक कुत्रा बरोबर त्या बाटलीखालीच पाय वर करतो.

आता लक्ष्मीपूजन. फटाक्यांच्या आवाजाने शहाणीसुरती जनावरेही भीतीने जागच्या जागी करतात. कुत्र्याला त्या दिवशी उजेड असतानाच, पाच-साडेपाचला फिरवून आणा. मांजराचा ट्रे साफसफाईच्या नादात गॅलरीत गेला असेल तर तो पूर्वीच्या जागी आत आणा. फटाक्यांच्या तोंडाशी जाऊन ते बसणार नाही. दोन मांजरे असतील तर तीन ट्रे. आतल्या खोलीच्या खिडक्या लावा, पंखा किंवा रेडिओ चालू ठेवा, पलंगाखाली जुनी चादर टाका. ती भिजली तर भिजू द्या. पंचे आणि एन्झाइमची बाटली हाताशी असू द्या. आणि पाडव्याच्या सकाळी अभ्यंगस्नानाच्या गडबडीत फरशी कुणी पुसायची यावर वाद झालाच, तर यजमानांना हे पान उघडून दाखवा. पाळी त्यांची आहे.