सहलीचा गुरुवार

बागेत हिंडणे आणि कोरियन जेवण हा विषय पाहून आपले काही कार्यकर्ते नाक मुरडतील. तरीही तो मी घेतला आहे; कारण कामगाराच्या फावल्या वेळाचा प्रश्न आपण वेतनाच्या प्रश्नाइतका गंभीरपणे कधी घेतलाच नाही.

गेल्या महिन्यात भोसरीच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याने मला आग्रहाने सहलीला नेले. बरोबर त्याची पत्नी होती. सकाळी सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान पाहावयाचे आणि परतताना चिंचवडला एका कोरियन उपाहारगृहात जेवावयाचे, असा बेत. चाकणला जपानी ब्रिजस्टोन, तळेगावला कोरियन ह्युंदाई असे कारखाने आल्यापासून त्या देशांचे पदार्थ या पट्ट्यात नवलाचे राहिलेले नाहीत. बेत मुळात त्यांच्या शाळकरी मुलीचा. दूरदेशीच्या मालिका पाहून किमची खाण्याचा हट्ट तिचाच. पण ती आमच्याबरोबर नव्हती. वार गुरुवार होता आणि तिची शाळा होती.

उद्यान सुरेख आहे. ते जपानमधील ओकायामाच्या कोराकुएन उद्यानावरून बेतले आहे. तेथील सरंजामदाराने स्वतःच्या विरंगुळ्यासाठी केलेली ती बाग १७०० साली पुरी झाली आणि १८८४ साली सर्वांना खुली झाली. कोराकुएन हे नाव तिला १८७१ मध्ये मिळाले. राज्यकर्त्याने प्रजेच्या सुखानंतरच आपले सुख घ्यावे, असा त्या नावाचा आशय आहे. त्याच वर्षी जपानमधील सरंजामी संस्थाने खालसा झाली, हा भाग वेगळा!

किमची म्हणजे कोबीचे तिखट, आंबवलेले लोणचे. कोरियात ते घरोघरी रोजच्या पानात असते. जपानी रामेनही मुळात कष्टकऱ्यांच्या पोटभरीचे खाणे. येथे ते शोभिवंत वाडग्यातून येते आणि त्याची किंमत पाहून माझ्या विद्यार्थ्याने मनातल्या मनात ओव्हरटाइमचे तास मोजले. चव मला आवडली, हे कबूल केले पाहिजे. मुलीसाठी एक डबा बांधून घेतला.

हा गुरुवार आला कोठून? वीज अपुरी असताना तिचा भार विभागण्यासाठी औद्योगिक वसाहतींना सुट्टीचे निरनिराळे वार ठरवून देण्यात आले. पिंपरी-भोसरीच्या वाट्याला गुरुवार आला आणि अनेक कारखान्यांत तो रुळला. यंत्रांच्या सोयीचा वार माणसांच्या संसाराला चिकटला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली, तेव्हा रविवार हा खंडोबाचा वार आहे, हेही एक कारण पुढे केले होते. सुट्टी ही समाजाबरोबर घालवावयाची गोष्ट आहे, हे त्यांना नेमके उमगले होते. घरात एकाची सुट्टी गुरुवारी आणि दुसऱ्याची रविवारी असेल, तर कायद्याने सुट्टी मिळते, पण कुटुंबाला ती मिळत नाही.

त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, असे सांगितले जाते. कागदावर बारा चोक अठ्ठेचाळीस हे गणित बिनचूक आहे; चार दिवस काम, तीन दिवस मोकळीक! परंतु ज्याचे घर मूळ पगारात चालत नाही, त्या कंत्राटी कामगाराचे ते तीन दिवस जादा कामाने भरून निघतील, हे सांगावयास अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची गरज नाही.

आपल्या संघटनांची मागणीपत्रके मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. वेतन, महागाई भत्ता, बोनस, कँटीन. सुट्टीच्या वाराबद्दल मात्र अवाक्षर नसते. शाळेत जाणारी मुले असलेल्या कामगाराला महिन्यातून निदान दोन सुट्ट्या रविवारी मिळाव्यात आणि त्यासाठी पाळ्यांची अदलाबदल कारखान्याने करून द्यावी, हे कलम पुढच्या करारात घालता येण्यासारखे आहे. मालकाला त्यात फारसा खर्च नाही. विजेची ती जुनी अडचण सांगून आता कोणी ते नाकारू लागला, तर त्याच्याकडे आकडे मागावेत.