काचेचे शहर आणि कामगारांचे निवृत्तिवेतन

आयर्लंडमधील वॉटरफोर्ड येथील 'वॉटरफोर्ड क्रिस्टल' या काचकारखान्यावर जानेवारी २००९ मध्ये रिसीव्हर, म्हणजे धनकोंसाठी मालमत्ता ताब्यात घेणारा अधिकारी, नेमला गेला, तेव्हा कंपनीबरोबरच तिचा निवृत्तिवेतन निधीही कोसळला. आयुष्यभर भट्टीपाशी काच फुंकणाऱ्या आणि चाकावर तिचे पैलू पाडणाऱ्या कामगारांना, त्यांच्या बाजूच्या हिशेबानुसार, हक्काच्या रकमेपैकी केवळ १८ ते २८ टक्के मिळणार होते. मालक दिवाळखोर झाल्यास निवृत्तिवेतनाचे रक्षण करण्याचे बंधन युरोपीय निर्देशाने, म्हणजे सदस्यराष्ट्रांनी आपल्या कायद्यात उतरवायच्या नियमाने, सरकारवर घातले होते. त्याच आधारावर दहा कामगारांनी दाद मागितली. २५ एप्रिल २०१३ रोजी युरोपीय न्यायालयाने आर्थिक संकटाची सबब फेटाळली, आयर्लंडचे उपाय अपुरे ठरवले आणि सरकारी निवृत्तिवेतन या हिशेबात धरता येणार नाही, असेही स्पष्ट केले. हा निकाल न्याय्यच होता. मात्र तडजोड होण्यास डिसेंबर २०१४ उजाडला, आणि उतारवयातील माणसांना इतकी वाट पाहायला लावणे समर्थनीय नाही.

भारतात २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचे कलम ३६ भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन व ग्रॅच्युइटी यांच्या निधीतील कामगारांची देणी धनकोंच्या वाटपाबाहेर ठेवते. परंतु मालकाने तो निधी वेळीच भरलाच नसेल, तर काय राखून ठेवायचे, हा प्रश्न उरतोच. म्हणून या भरण्याची तपासणी कंपनी चालू असतानाच कसोशीने व्हायला हवी.