एवढीशी खाच

साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ मध्ये बर्लिनला, वयाच्या अवघ्या १७ व्या वर्षी तिरंदाजीतलं जागतिक विजेतेपद पटकावलं आणि आमच्याकडच्या आयाही धनुष्यबाणाची चौकशी करायला लागल्या. त्याआधी २०२१ मध्ये फलटण तालुक्यातल्या सरडे गावचे प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळले होतेच. लहान गावातलं पोरही तिथवर पोचू शकतं, हे डोळ्यांनी दिसलं की घरचा विरोध निम्मा गळून पडतो. फार चांगली गोष्ट आहे ही.

आता चौकशी कसली होते बघा. क्लासची फी किती? सर्टिफिकेट मिळतं का? दहावीला ग्रेस मार्क मिळतात का? उन्हात रंग काळवंडेल का? (हो, हेही विचारतात!) पण ‘बाण कुठल्या अवस्थेत आहेत?’ हा प्रश्न मी अजून एकाही आईच्या तोंडून ऐकलेला नाही.

म्हणून आज त्या बाणाबद्दलच बोलायचं आहे. तेही त्याच्या टोकाबद्दल नाही, मागच्या टोकाबद्दल.

अदिती ज्या कंपाउंड धनुष्याने खेळते, ते सामान लाखांच्या घरात जातं. आपल्या मुलींची सुरुवात मात्र बहुतेक वेळा बांबूच्या किंवा लाकडी धनुष्याने होते. ‘इंडियन राउंड’ म्हणतात त्याला. बाणही बांबूचे नाहीतर लाकडाचे. या बाणाच्या मागच्या टोकाला एक बारीक खाच असते. तिलाच ‘नॉक’ म्हणतात. काही बाणांना ती दांडीतच कापलेली असते, काहींना प्लास्टिकचा नॉक चिकटवलेला असतो. धनुष्याची दोरी या खाचेत बसते, आणि दोरी सुटताना धनुष्याचा सगळा जोर त्या एवढ्याशा खाचेवर येतो. ३० पाउंडांचं धनुष्य पूर्ण ओढलं तर साडेतेरा किलोचा ताण असतो!

आता ज्यांनी चुलीसाठी लाकडं फोडली आहेत, त्यांना पुढचं वेगळं सांगायला नको. ओंडक्याच्या रेषेत कुऱ्हाड बसली की तो एका घावात दुभंगतो. आडवा घाव घातला तर हात दुखतात, पण लाकूड हटत नाही. बाणाच्या बाबतीत दोरी ही कुऱ्हाड आहे. खाच लाकडाच्या रेषांच्या दिशेने कापली असेल, तर प्रत्येक वेळी दोरी पाचरीसारखी आत शिरते आणि एक दिवस बाण चिरतो. म्हणून जाणकार कारागीर खाच रेषांना छेद देईल अशी कापतात, तिच्या खाली घट्ट दोरा गुंडाळतात. बांबू असेल तर गाठीच्या जरा वर खाच घेतात, म्हणजे चीर गेलीच तरी गाठीपाशी अडते. प्लास्टिकचा नॉक असेल तर तो उन्हाने, वापराने ठिसूळ होतो. दुसरा बाण येऊन त्याच्यावर आदळला तर केसाएवढी चीर पडते, आणि ती चटकन दिसत नाही.

आणि ऐन सुटताना खाच फुटली तर? बाणाला जायचा जोर बाणाला मिळत नाही. दोरी रिकामीच पुढे धावते आणि तो सगळा हिसका धनुष्याला बसतो. कधी दोरी तुटते, कधी धनुष्याची काठीच तडकते, आणि तडकते ती कुठे? मुलीच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर. चिरलेला बाण वाकडातिकडा सुटतो, त्याची ढलपी धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकते. पुढे जाऊन कार्बनचे बाण हातात आले तर त्यांच्या कुसळासारख्या बारीक तुकड्यांची भीती आणखी वेगळी.

बाणाचा धोका म्हटलं की आपल्याला समोर उभ्या असलेल्या माणसाची काळजी वाटते. ती खरीच आहे. जानेवारी २०२० मध्ये आसामच्या दिब्रुगड जिल्ह्यात सरावाच्या वेळी एका १२ वर्षांच्या मुलीच्या मानेजवळ बाण घुसला होता. तिला विमानाने दिल्लीला नेऊन शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणून तर मैदानावर शिट्टीचा कायदा असतो. तीन शिट्ट्या वाजल्याशिवाय कुणीही बाण आणायला पुढे जायचं नाही. हा नियम निदान सगळ्यांना माहीत असतो. खाच फुटली तर धोका बाण मारणाऱ्या मुलीलाच असतो, आणि त्यासाठी कुणी शिट्टी वाजवत नाही.

माझी पुतणी आठवीत आहे. तिला घ्यायला मी अधूनमधून ग्राउंडवर जाते. मागच्या हिवाळ्यात तिच्याच वयाच्या एका मुलीच्या बाणाला मागे चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली. ‘हे काय गं?’ म्हटलं. म्हणाली, ‘नॉक तडकलाय काकू. फेविक्विक लावून वर पट्टी मारली.’ सरांना सांगितलंस का? ‘नाही. आधीच सहाच बाण आहेत. सर म्हणतील, काल तर दिले होते.’

मला त्या पोरीचा राग आला नाही. सरांचाही नाही. पाच धनुष्यं आणि पंचवीस मुलं यांचा मेळ घालणारा तो माणूस, बाण काही खिशातून काढणार नाही. मला खटकलं ते वेगळंच. त्या मुलीने जे केलं, ते आपण सगळ्यांनी तिला मनापासून शिकवलेलं आहे. फाटलं की शिव, तुटलं की जोड, वाया घालवू नकोस. आणि दुसरं, मिळालंय त्यात समाधान मान, उगाच तक्रार करू नकोस. त्यात मुलगी म्हणजे तिला खेळायला ‘पाठवलेलं’ असतं. घरच्यांनी उपकार केल्यासारखं. मग ती कशाला म्हणेल, की हा बाण खराब आहे, मला दुसरा द्या? मुलगा बाण आपटून सांगेल. मुलगी पट्टी गुंडाळेल. संसारात या दोन्ही गुणांनी आपल्याला तारलंय, नाही कशाला म्हणू? पण नेम धरून उभं राहायच्या रेषेवर हेच दोन गुण घात करतात.

आणि काटकसर म्हणाल, तर आपण तरी प्रत्येक गोष्टीत कुठे करतो? गॅसची नळी तडकली तर तिला सेलोटेप लावून दूध तापवतो का? कुकरचा व्हॉल्व्ह गेला तर त्यात पीठ भरून शिटी काढतो का? शिलाई मशीनची वाकलेली सुई ठोकून सरळ करत बसतो का? जिथे जिवाशी गाठ आहे तिथे आपण मुकाट्याने नवीन आणतो. प्लास्टिकचा नॉक तर काही रुपयांना मिळतो.

तपासायलाही फार अक्कल लागत नाही. दोन मिनिटं लागतात. उजेडात बाण गोल फिरवून खाच बघायची, नख फिरवून बघायचं. दांडीवरून कापसाचा बोळा फिरवायचा, चीर असेल तिथे कापूस अडकतो. दांडी चेहऱ्यापासून लांब धरून हलकेच वाकवायची, करकर आवाज आला तर तो बाण बाद. प्लास्टिकचा नॉक असेल तर बाण दोरीत अडकवून खाली लोंबकळू द्यायचा. तो टिकला पाहिजे, पण दोरीवर टिचकी मारली की सुटला पाहिजे. फार घट्ट बसत असेल तर नॉक चिरतो. फार सैल असेल तर ऐन ताणल्यावर बाण निसटतो आणि दोरी रिकामी सुटते. दोरी बदलली, तिच्या मधोमध गुंडाळलेला दोरा जाड झाला, की कालपर्यंत नीट बसणारा नॉकही आज घट्ट होतो. म्हणून नवी दोरी आली की सगळे बाण पुन्हा तपासायचे. बाण दगडावर आपटला, दुसऱ्या बाणाला लागला, तर त्याच वेळी बघायचा. सोबत वेणी मागे बांधलेली, ओढणी नाही, गळ्यात-कानात लोंबणारं काही नाही.

बाद झालेल्या बाणाचं काय करायचं? मोडून दोन तुकडे करायचे. हो, मोडायचाच. नुसता बाजूला ठेवला तर घाईत कुणीतरी तोच उचलतं. ‘अहो, पण मग मुलगी पाच बाणांवर सराव करेल?’ असं मला विचारलं गेलं. करेल की! पाच बाणांवर सराव होतो. ढलपी घुसलेल्या हाताने होत नाही.

खंडेनवमीला आपण विळी-कोयत्यापासून स्कूटरपर्यंत सगळ्यांवर हळद-कुंकू वाहतो. त्या पूजेमागचा अर्थ मला एवढाच वाटतो, की ज्याच्यावर आपलं पोट किंवा जीव अवलंबून आहे, त्याच्याकडे नीट लक्ष द्यावं. ते वर्षातून एकदा देऊन कसं भागेल?

आणि एक कळकळीचं सांगणं. हे वाचून मुलीचं ग्राउंड बंद करू नका. धोक्याचं नाव काढलं की ‘मग नकोच ते’ म्हणणारे घरोघरी आहेत, आणि त्यांच्या भीतीने मुली आणि आया दोघी गप्प बसतात. नियम पाळले तर हा खेळ निर्धोक आहे. पुढच्या पालकसभेला फक्त तीन गोष्टी विचारा. बाण रोज कोण तपासतं? जादा नॉक पेटीत आहेत का? आणि मुलीने बाण नाकारला तर तिला बोलणी तर बसत नाहीत ना? नॉकसाठी वर्गणी काढावी लागली तर काढू. भिशीत आपण याहून जास्त घालतो.

नेम धरायला सर शिकवतील. ‘हा बाण मला नको’ हे मोठ्याने म्हणायला मात्र घरातूनच शिकवावं लागेल. आणि एकदा का पोरीला तसं म्हणता आलं, की ते फक्त ग्राउंडवरच उपयोगी पडेल असं थोडंच आहे?